पद एक, पूर्णपणे तात्पुरतं : सुपरकंडक्टरच्या स्फटिकांमागची नोकरी

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘अं’, ‘हं’ आणि एक शिंक काढून टाकलीय. बाकी बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय.)



आज माइक माझ्याकडे आहे. मी एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात संशोधन करते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करणार आहे.

सुरुवात जाहिरातीपासून करते. चार वर्षांपूर्वी विभागाच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला होता. ज्युनियर रिसर्च फेलो. पद एक. पूर्णपणे तात्पुरत्या स्वरूपात. विषय, अतिवाहक पदार्थांच्या स्फटिकरचनेचा अभ्यास. मी फोटो काढून घरी पाठवला. माझे बाबा वीज मंडळात लाइनमन होते, आता रिटायर झालेत. त्यांचा फोन आला. म्हणाले, “पद एक, हे कळलं. तात्पुरतं, हेही कळलं. मधलं काय ते सांग.”

मी सांगितलं, “बाबा, काही पदार्थांतून वीज अजिबात न अडता वाहते. त्यांच्या आत अणू कसे मांडलेले असतात ते बघायचं.”

ते म्हणाले, “बघून?”

तेव्हा मला याचं उत्तर नीट देता आलं नव्हतं. आज तेच देणार आहे, थोडं लांबून.

सुपरकंडक्टर, मराठीत अतिवाहक. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडनला कामर्लिंग ओन्नेस यांच्या प्रयोगशाळेत पारा थंड करत नेला आणि ४.२ केल्विनला, म्हणजे शून्याखाली साधारण २६९ अंश सेल्सिअसला, त्याचा विद्युतरोध गायब झाला. कमी झाला नाही, गायब झाला. तारेत वीज गरम होऊन वाया जाते हे आमच्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यामुळे त्यांना हे लगेच आवडलं. दुसरा गुण असा की असा पदार्थ चुंबकीय क्षेत्र स्वतःच्या आत येऊ देत नाही, बाहेर ढकलतो. चुंबकावर तरंगणाऱ्या काळ्या गोळीचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आणि घरातलं कोणी एमआरआयच्या बोगद्यात जाऊन आलं असेल तर त्याच्याभोवती बहुतेक नायोबियम-टायटॅनियमच्या अतिवाहक तारेची वेटोळी होती, द्रव हीलियममध्ये बुडवलेली.

अडचण थंडीची. म्हणून खोलीच्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर मिळाला अशी बातमी आली की जगभर गोंधळ उडतो. तुम्हाला २०२३चा जुलै आठवतोय? एलके-९९? रील्सवर, ट्विटरवर सगळीकडे तो करड्या रंगाचा तुकडा, एक टोक चुंबकाला टेकलेलं आणि दुसरं हवेत. दक्षिण कोरियातल्या एका गटाचा दावा होता की शिसं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन असलेल्या अ‍ॅपटाइट खनिजात थोडं तांबं घातलं की तो पदार्थ साध्या हवेच्या दाबाला, उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापमानापर्यंत सुपरकंडक्टर असतो. मला त्या आठवड्यात शाळेतल्या वर्गमित्रांचे मेसेज आले, ज्यांनी दहा वर्षांत वाढदिवसालासुद्धा मेसेज केला नव्हता. “तुझंच क्षेत्र ना हे? शेअर कुठले घेऊ?”

तो दावा काही आठवड्यांतच पडला. कसा पडला, ते ऐका, कारण माझी नोकरी तिथेच आहे. दाव्यातला मोठा पुरावा होता की साधारण १०४-१०५ अंश सेल्सिअसला रोध एकदम कोसळतो. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना तो आकडा ओळखीचा वाटला. एलके-९९ बनवताना जी अभिक्रिया होते तिच्यात कॉपर सल्फाइड उपउत्पादन म्हणून तयार होतं. आणि कॉपर सल्फाइड नेमकं १०४ अंशांच्या आसपास आपली स्फटिकरचना बदलतं आणि त्याचा रोधही उडी मारतो. म्हणजे उडी खरी होती, पण ती मुख्य पदार्थाची नव्हती, भेसळीची होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत नमुने करून बघितले, अतिवाहकता दिसली नाही. बीजिंगला शुद्ध कॉपर सल्फाइड वेगळं मोजलं, उडी दिसली. शेवटी जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत सल्फर न वापरता एलके-९९चे शुद्ध स्फटिक वाढवले. ते जांभळट, पारदर्शक निघाले आणि वीज वाहून नेण्याऐवजी चक्क अडवत होते.

तर बाबांना आज मी असं सांगेन की माझं काम भेसळ पकडायचं आहे. पदार्थात कोण कोण आहे, कोण कुठे बसलंय, आणि जे काही घडतंय ते नक्की कोण करतंय.

पण ‘बघून’ म्हणजे कसं? एक प्रयोग करा. मित्राला गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला फोनचा टॉर्च लावून उभा करा आणि त्याच्याकडे बारीक विणीच्या ओढणीतून किंवा छत्रीच्या कापडातून बघा. एक दिवा न दिसता ठिपक्यांची फुली दिसते. विण जितकी बारीक, तितके ठिपके लांब लांब. कापड तिरकं फिरवलं की फुलीही फिरते. म्हणजे धागे डोळ्यांना दिसत नसले तरी ठिपक्यांवरून विण ओळखता येते. अणूंच्या रांगा म्हणजे खूप बारीक विण, आणि तिथे प्रकाशाऐवजी क्ष-किरण लागतात. आमच्या मशीनमध्ये तांब्याच्या धातूपासून निघणारे, १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे. पदार्थाची पूड पसरायची, किरण सोडायचे, डिटेक्टर हळूहळू कोन बदलत फिरतो आणि कागदावर, म्हणजे आता स्क्रीनवर, उंच-बुटक्या टोकांची एक रांग उमटते. त्या टोकांना आम्ही पीक म्हणतो. प्रत्येक पदार्थाची पीकची रांग ठरलेली, अंगठ्याच्या ठशासारखी.

मग खरं बसून करायचं काम. आधी अंदाजाने रचना मांडायची, तिच्यावरून पीक कसे दिसायला हवेत ते संगणकाला काढायला लावायचं, मोजलेल्याशी जुळवायचं, अणू इंचभर नाही, अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या भागाने सरकवायचे, पुन्हा जुळवायचं. ह्यूगो रीटफेल्ड या डच शास्त्रज्ञाने १९६९ साली ही पद्धत मांडली, त्यांच्याच नावाने ओळखली जाते. माझे दिवसच्या दिवस यात जातात. गंमत म्हणजे खाली एक ‘फरकाची रेष’ येते. ती सपाट असली की सगळं जुळलं. तिच्यावर कुठेतरी एक फुगवटा राहतो, नखाएवढा. त्याच्याकडे बघून ‘जाऊ दे’ म्हणायचं की ‘हा कोण?’ म्हणायचं, या एका निर्णयात आमची निम्मी अक्कल खर्च होते.

कारण ‘हा कोण?’ विचारलं की कधी कधी लॉटरी लागते. दोन किस्से सांगते.

पहिला १९८७चा. त्याच्या आदल्या वर्षी झुरिचला आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्ट्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडमध्ये अतिवाहकता दाखवली होती. मग अमेरिकेत अलाबामा आणि ह्यूस्टनच्या गटांनी, वू आणि चू यांनी, इट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साइड घेऊन ९३ केल्विन गाठलं. हे महत्त्वाचं, कारण द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो आणि तो हीलियमच्या मानाने खूपच स्वस्त. पण त्यांच्या हातात जो तुकडा होता तो मिश्रण होता. काही भाग हिरवा, काही काळा. सुपरकंडक्टर कोणता? स्फटिकरचनावाल्यांनी दोन्ही वेगळे केले. हिरवा निघाला कुचकामी विद्युतरोधक. काळ्यात एक भाग इट्रियम, दोन बेरियम, तीन तांबं. आजही प्रयोगशाळेत त्याला ‘एक-दोन-तीन’च म्हणतात.

तेवढ्यावर भागलं नाही. त्यात ऑक्सिजन किती आणि कुठे बसलाय हे क्ष-किरणांना नीट दिसत नव्हतं. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, आणि बेरियमसारख्या जाडजूड अणूच्या शेजारी ऑक्सिजन म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी कोणीतरी बासरी वाजवावी तसं. तिथे न्यूट्रॉन कामाला आले, त्यांना ऑक्सिजन छान दिसतो. आणि कळलं की रचनेच्या एका घरात ऑक्सिजन सातच्या जवळ असेल तर पदार्थ सुपरकंडक्टर, सहावर आला तर नाही. एका घरामागे एक अणू! म्हणूनच ती गोळी भट्टीतून काढताना ऑक्सिजनच्या प्रवाहात हळूहळू थंड करावी लागते. घाई केली की रंग तोच, आकार तोच, पण गुण गेला.

दुसरा किस्सा आपल्या कुलाब्याचा. टीआयएफआर, टाटा मूलभूत संशोधन संस्था. १९९३च्या सुमारास तिथे आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकारी इट्रियम, निकेल आणि बोरॉनचं संयुग अभ्यासत होते. १२ केल्विनच्या आसपास अतिवाहकतेची पुसट खूण दिसली. निकेल असलेल्या संयुगात १२ केल्विन, हे तेव्हा नवलच होतं, कारण निकेल म्हटलं की चुंबकत्व, आणि चुंबकत्वाचं अतिवाहकतेशी सहसा जमत नाही. खूण पुसट होती, म्हणजे नमुन्याचा फक्त छोटा भाग ते करत होता. ‘भेसळ आहे, सोडा’ म्हणून फाइल बंद करणं अगदी सोपं होतं. त्यांनी ती भेसळच शोधली. चौथं मूलद्रव्य निघालं कार्बन. मग कार्बन मुद्दाम घातला आणि नमुना भरभरून सुपरकंडक्टर झाला. जानेवारी १९९४मध्ये हे छापून आलं. त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये याच कुळातल्या पदार्थांची रचना उलगडली, निकेल-बोरॉनचे थर आणि मध्ये कार्बन. बोरोकार्बाइड म्हणतात या कुळाला. मी पहिल्या वर्षी हा पेपर वाचला तेव्हा कुलाब्याला जाणारी १०३ नंबरची बस मला एकदम वेगळीच वाटायला लागली होती. असो.

म्हणजे बघा, एलके-९९मध्ये भेसळीने सगळ्यांना फसवलं आणि कुलाब्यात भेसळ हाच शोध होता. दोन्हीकडे सुरुवातीला दिसणारी गोष्ट सारखीच, एक रेष कुठेतरी खाली पडते.

आता माझी गोष्ट. माझी रेष ३.७ केल्विनला पडली होती.

मी फॉस्फाइडचे स्फटिक वाढवते. पद्धत अशी, मूलद्रव्यं आणि भरपूर कथील क्वार्ट्झच्या नळीत घालायचं, हवा काढून नळी सील करायची, भट्टीत तापवायचं. फॉस्फरसमुळे घाईने तापवलं तर नळी फुटते, माझ्या दोन फुटल्यात. कथील वितळतं, बाकीचे त्यात विरघळतात, मग तासाला दोन-तीन अंश अशा कासवगतीने थंड करायचं की स्फटिक वाढतात, पाकात खडीसाखर वाढते तसे. कथील पातळ असतानाच नळी बाहेर काढून सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायची, कथील निथळतं, स्फटिक राहतात.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात माझा एक स्फटिक मोजायला दुसऱ्या संस्थेतल्या मशीनवर दोन रात्रींचा स्लॉट मिळाला. पहाटे साडेतीनला स्क्रीनवर रेष सपाट चालली होती आणि ३.७ला धाडकन खाली गेली. या संयुगात अतिवाहकता कोणी पाहिलेली नव्हती. मी बाबांना पहाटे फोन केला. लाइनमनला पहाटेच्या फोनची सवय असते, त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. मी म्हटलं, “बाबा, काहीतरी सापडलंय.”

ज्यांनी हा विषय शिकलाय ते आता हसत असतील. कथील स्वतः सुपरकंडक्टर आहे, ३.७ केल्विनलाच. आणि मला हे माहीत होतं! आजही सगळ्यात जास्त तेच बोचतं. मला माहीत होतं आणि मी स्वतःची समजूत काढली होती. म्हटलं, कथील राहिलं असेल तर चिमूटभर, आणि माझा सिग्नल किती मोठा आहे. जवळजवळ निम्मा स्फटिक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतोय असं गणित येत होतं. चिमूटभर कथील एवढं कसं करेल?

परिषदेला सारांश पाठवायची मुदत तीन दिवसांवर होती. पुढच्या महिन्यात प्रकल्पाच्या मुदतवाढीची मीटिंग होती, म्हणजे माझं पद राहणार की जाणार. सर म्हणाले, “टाकून दे सारांश, खात्री नंतर करू.” मी टाकला.

लॅबमध्ये आमची एक सीनियर आहे, तिला सगळे ताई म्हणतात. तिने आलेख बघितला, काहीच बोलली नाही, आणि विचारलं, “तुझ्या घरी कल्हईची भांडी आहेत?”

होती ना. आजीचं पितळी पातेलं. दारावर कल्हईवाला यायचा, पातेलं तापवून आतून कथलाचा हात फिरवायचा, लख्ख चांदीसारखं. ताई म्हणाली, “कल्हई केलेल्या पातेल्यात कथील किती असतं? आणि दिसतं किती?”

कळलं? स्फटिकाला बाहेरून कथलाचा पातळ पापुद्रा असेल, तर तो पापुद्रा सुपरकंडक्टर झाल्यावर चुंबकीय क्षेत्राला आत शिरूच देत नाही. आतला सगळा स्फटिक झाकला जातो. मशीनला वाटतं, सगळाच सुपरकंडक्टर आहे. चिमूटभर कथील बरोब्बर एवढं करू शकतं.

तीन तपासण्या केल्या. एक, स्फटिक अ‍ॅगेटच्या खलात कुटून पूड केली. दोन, त्या पुडीवर क्ष-किरण. मुख्य पीक सगळे जुळले, आणि ३०.६ आणि ३२ अंशांवर दोन इवलेसे फुगवटे. कथलाचे. आधीच्या मोजणीतही ते होते, आवाजात बुडालेले, मी ‘जाऊ दे’ म्हटलं होतं. तीन, ओळखीने अर्धी रात्र मशीन मागून घेतलं आणि पूड मोजली. सिग्नल कोसळून अगदी थोडा उरला होता. मग ५०० गॉसचं क्षेत्र लावलं. कथलाची अतिवाहकता तीनशेच्या आसपासच मरते. उरलेला थोडासुद्धा गेला.

मी परिषदेला मेल लिहून सारांश मागे घेतला. सरांना न विचारता लिहिला, हे कबूल करते. ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. नंतर मीटिंगमध्ये त्यांनी स्वतः तो आलेख दाखवला, आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. मुदतवाढ मिळाली, पण सहा महिन्यांचीच. पुढे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कथील धुवून स्वच्छ स्फटिक मोजले, २ केल्विनपर्यंत रेष सपाट. संयुग सुपरकंडक्टर नाहीये. त्याची रचना मात्र नवी होती, तिचा पेपर झाला. बातमी कोणी केली नाही.

आणि बाबांना परत फोन. तो पहिल्या फोनपेक्षा अवघड होता. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “लाइन चालू आहे की बंद, हे टेस्टर लावल्याशिवाय आम्ही कधी सांगितलं नाही. तू आधी फोन लावलास.”

बरं, आता ज्यांना असं पद हवंय त्यांच्यासाठी, पटकन. केंद्राच्या नियमाप्रमाणे जेआरएफला जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये, वर घरभाडं भत्ता. सगळेच प्रकल्प एवढे देत नाहीत, जाहिरातीतला आकडा वाचा. आणि पैसे दर महिन्याला येतील असं धरू नका. माझे एकदा पाच महिने अडकले होते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर एक सही जायची होती, बास. त्या पाच महिन्यांत मी बारावीच्या शिकवण्या घेतल्या, आणि ज्यांच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत त्यांनी काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, व्यवस्थेकडेही दिसत नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही प्रश्न विचारा. क्ष-किरणांचं मशीन विभागात आहे की बाहेर? चालू आहे का? (हसू नका, हा महत्त्वाचा प्रश्न आहे.) कमी तापमानाची मोजणी कुठे होते? न्यूट्रॉनसाठी ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीवर यूजीसी-डीएई कन्सॉर्टियममार्फत विद्यापीठाच्या मुलांना संधी मिळते, इंदूरला सिंक्रोट्रॉन आहे, तिथे या गटातून कोणी गेलंय का? आणि पद लागायची वाट बघू नका. फुलप्रॉफ हे रीटफेल्डचं सॉफ्टवेअर फुकट आहे, रचना फिरवून बघायला वेस्टा फुकट आहे, क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसवर हजारो रचना पडल्यात. साधा लॅपटॉप चालतो. पहिल्यांदा मीठ घ्या, मग ‘एक-दोन-तीन’ उघडा आणि त्यातला तो एक ऑक्सिजन शोधा.

चला, मला निघायला हवं. सध्या माझी एक नळी भट्टीत आहे, ९५० अंशांवरून तासाला तीन अंशांनी उतरतेय, शुक्रवारी सकाळी काढायची आहे. काल बाबांचा फोन होता. त्यांनी एवढंच विचारलं, “या वेळी कल्हई नीट धुणार ना?”